पितळेचा विशिष्ट उष्मा

१२ फेब्रुवारी

आज कामावर परत रुजू झालो. अकरा वाजता दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. प्रयोग पितळेचा विशिष्ट उष्मा काढण्याचा. डबा तसाच परत आणला. पाच वाजता घरी आलो.

ही वही मेव्हण्याने आणून दिली. मनातलं लिहीत जा, हलकं वाटेल, म्हणाला. माझ्या मनात सध्या किळस सोडून काही नाही. रबरी नळ्यांच्या वासाची, प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये तरंगणाऱ्या जळक्या काड्यांची, खांद्यावर हात ठेवणाऱ्या माणसांची. विभागप्रमुखांनीही हात ठेवला. त्यांना बोलताना टेबलावर बोटं वाजवायची सवय आहे, मुलं त्यांना तबलजी म्हणतात. आज त्यांनी माझा खांदा वाजवला.

ही गेली त्याला महिना होऊन गेला. घरात मी आणि सासूबाई. लेकीचं आजारपण काढायला म्हणून त्या आल्या होत्या. नंतर परत जायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मी त्यांना आई म्हणतो. जेवण झालं की त्या कवळी काढून वाटीत ठेवतात, आणि ती वाटी नेमकी माझ्या पाण्याच्या पेल्याशेजारी असते. मी रोज पेला सरकवतो, वाटी पुन्हा शेजारी येते.

१५ फेब्रुवारी

रविवार. भेटायला माणसं आली. चहात बिस्किट बुडवून खाल्लं की कपाच्या तळाशी जो गाळ राहतो, तो मला धुवावा लागला.

त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, आधी ताप वगैरे होता का हो? हा प्रश्न मला आता सहन होत नाही. दवाखान्यात डॉक्टरनेही हेच विचारलं होतं, ताप किती दिवसांपासून आहे. मी सांगितलं, ताप नाहीच. मी रोज संध्याकाळी स्वतः थर्मामीटर बघतो. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. त्यावर तो म्हणाला, दोन्ही फुप्फुसं भरली आहेत, हे दोन-चार दिवसांचं दुखणं नाही. आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवतोय. डिसेंबरच्या परीक्षा चालू होत्या, जर्नलचे ढीग घरी आणले होते, तरी एक संध्याकाळ मी चुकवली नाही. थर्मामीटर हातात घेऊन, उजेडात धरून बघायचो. यंत्र कशाला खोटं बोलेल? त्या डॉक्टरचा गुळगुळीत चेहरा आठवला की किळस येते.

घसा धरलाय.

२० फेब्रुवारी

आज जर्नल्स तपासल्या. किळस यावी अशाच होत्या, आणि या वेळी निदान त्याला कारण होतं.

प्रयोग साधा आहे. धातूचा तुकडा वाफेत तापवायचा, चटकन उचलून मोजलेल्या गार पाण्यात सोडायचा, ढवळायचं, आणि पाणी किती अंशांनी चढलं ते बघायचं. त्यावरून एक ग्रॅम धातू एक अंशाने तापवायला किती उष्णता लागते ते निघतं. पितळेचं उत्तर ०.०९२. पुस्तकात छापलेलं आहे, म्हणून मुलं उलट्या बाजूने येतात. उत्तर आधी लिहायचं, मग पाणी किती चढायला हवं होतं ते गणिताने काढायचं आणि थर्मामीटरवर तेवढंच वाचायचं. गेल्या आठवड्यात खिडकीजवळच्या टेबलावरचा बर्नर पेटलाच नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या टेबलाचंही उत्तर ०.०९२. एकाने तर ०.०९२१ लिहिलंय. ज्या थर्मामीटरवर अर्धा अंश धड दिसत नाही, त्यावर.

पूर्वी मुलांची उत्तरं चुकायची. कुणाचं ०.११ यायचं, कुणाचं ०.०७. मी लाल शाईने 'पुन्हा करा' लिहायचो. अलीकडे ती वेळच येत नाही. मुलं सुधारली असं मी समजत होतो.

२१ फेब्रुवारी

कपाटाच्या तळाशी शिशाच्या तुकड्यांचा जुना संच सापडला. आकार पितळेच्या तुकड्यांसारखाच. वजन थोडं जास्त आहे, पण तुकडा हातात घेऊन विचार करणारं कुणी नाही. सगळ्यांना काळा रंग दिला आणि शिपायाला सांगितलं की गंजू नये म्हणून दिलाय. पितळ कुठे गंजतं का, हे त्यानेही विचारलं नाही.

शिशाचा विशिष्ट उष्मा पितळेच्या एक तृतीयांश. पितळेने पाणी साडेपाच अंश चढत असेल तर याने, वजन जास्त धरूनही, जेमतेम अडीच. प्रयोग खरोखर करणाऱ्याला फरक दिसल्याशिवाय राहणार नाही.

घरी येऊन रंगाचे हात घासले. वास जात नाही. आईंनी विचारलं, कुणाला काळं फासून आलात? मी म्हटलं, फासायचंय.

२३ फेब्रुवारी

आज सत्रातली शेवटची चाचणी होती. तुकडे मांडले. फळ्यावर लिहिलं: पितळेचा विशिष्ट उष्मा. सांगितलं की हे गुण वार्षिक निकालात धरले जातील. मग टेबलांमधून फिरत राहिलो.

इतका आनंद मला गेल्या कित्येक दिवसांत झाला नव्हता, हे लिहायला हवं. ०.०९२, ०.०९२, ०.०९२. मी मान डोलवत होतो. पुढच्या टेबलावरच्या दोघांनी तुकडा पाण्यात सोडायच्या आधीच शेवटचं तापमान लिहिलं होतं.

फक्त एक मुलगी, जाड चष्म्याची, मुकाट काम करणारी, जर्नल घेऊन माझ्याकडे आली. काहीतरी विचारायचं होतं तिला. मी विचारू दिलं नाही, नाहीतर सगळ्यांना सुगावा लागला असता. पुन्हा करा, म्हटलं. ती गेली. पुन्हा आली. पुन्हा करा. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी जर्नल उघडून लाल पेनाने तेच लिहिलं आणि तिला परत पाठवलं. शेवटी तिनेही ०.०९२ दिलं. तेव्हा मला वाटलं, चला, एकही सुटला नाही.

खोकला वाढलाय. आई म्हणाल्या, अंग बघा एकदा. मी सांगितलं, बघितलं, नॉर्मल आहे. बघितलं नव्हतं. कोण थर्मामीटरची डबी शोधत बसेल.

२४ फेब्रुवारी

अहवाल लिहून तबलजींना दिला. संपूर्ण वर्गाने निरीक्षणं बनावट लिहिली, सबब सर्वांची चाचणी रद्द करावी. म्हणजे सगळ्यांचं वर्ष जाणार.

त्यांनी वाचला, दात कोरले, काडी टोकाशी न्याहाळली आणि माझ्याच कागदावर ठेवली.

"पितळ उघडं पाडायला निघालात," ते म्हणाले, "आणि आतून शिसं काढलंत."

मी हसलो नाही. तेव्हा त्यांनी बोटं वाजवायला घेतली. अहो, इतकी वर्षं पितळ पितळच निघतंय, कुणाचं काही अडलं का? मुलांना पुढे कारकुनी करायची आहे, धातू वितळवायचे नाहीत. तुमच्यावर प्रसंग ओढवलाय, मन थाऱ्यावर नसणार, आम्ही समजू शकतो. मी म्हटलं, माझं मन थाऱ्यावर आहे. सोमवारी प्राचार्य परत येतील, त्यांच्या सहीला ठेवतो, पण तोवर विचार करा, असं म्हणाले. कागदावरची काडी उचलून पुन्हा तोंडात घातली.

वीस जणांचं वर्ष गेलं तर चूक आपली नव्हे, त्यांची. हे मी मनाशी दोनदा म्हटलं.

२७ फेब्रुवारी

दुपारी ती चष्मेवाली मुलगी आली. बातमी फुटली आहे. शिपायाने फोडली असणार. बाकीचे बाहेर कठड्याशी उभे होते, हिला पुढे केलं होतं. मला वाटलं, रडेल. रडणारी मुलं मला बघवत नाहीत, त्यांच्या नाकाकडेच लक्ष जातं.

ती रडली नाही. म्हणाली, "सर, पहिल्यांदा मी जे आलं तेच घेऊन आले होते. शून्य पूर्णांक शून्य तीन. तुम्ही न बघताच पुन्हा करा म्हणालात."

मी म्हटलं, मग?

"दुसऱ्यांदा पण तेच आलं. मग मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

आणि तिसऱ्यांदा?

"तिसऱ्यांदा मी केलंच नाही. तुम्हाला जे हवं होतं ते लिहिलं."

मी तिला जायला सांगितलं. अशा मुलींना कुणी बोलायचं शिकवत नाही. खोटं लिहायचं आणि वर आपल्यालाच ऐकवायचं. संताप झाला. तिची जर्नल टेबलावरच राहिली. त्यावर कसलासा तेलकट डाग होता, मी ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली.

१ मार्च

हे परवाच लिहायला हवं होतं. जमलं नाही.

परवा जेवताना मी आईंना त्या मुलीचं सांगितलं. एरवी आम्ही जेवताना बोलत नाही. पण राग होता. म्हटलं, मला बाकी काही चालेल, पण खोटं वाचलेलं चालत नाही. त्यांनी आधी विचारलं, घसा बसलाय, ताप बघितलात का? मी म्हटलं, नॉर्मल आहे. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"तुम्हाला खोटं वाचलेलं चालत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात महिनाभर तेच चाललं होतं की."

मला कळलं नाही. मग त्या सांगत गेल्या, भाजी निवडावी तसं, एकेक काडी बाजूला काढत. सकाळी हिचा ताप उतरलेला असायचा. तेव्हा ही थर्मामीटर लावायची आणि न झटकता तसाच डबीत ठेवून द्यायची. संध्याकाळी मी आलो आणि ताप बघू म्हटलं, की आतल्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसायची, आणि सकाळचाच पारा माझ्या हातात आणून द्यायची. अंग भाजत असायचं. मी उजेडात धरून वाचायचो. ताप मोजायच्या थर्मामीटरचा पारा झटकल्याशिवाय उतरत नाही, हे लग्नानंतर मीच तिला शिकवलं होतं.

तिने असं का केलं, मी विचारलं.

"पहिल्या दिवशी शंभराच्या वर निघाला होता. तेव्हा काय म्हणालात ते आठवा. जिभेखाली नीट धरला नसशील, पुन्हा लाव. तिने लावला. मग म्हणालात, गरम चहा प्यायली असशील, पुन्हा लाव. तिसऱ्यांदा तिला हसू फुटलं. आत येऊन पारा हवा तेवढाच झटकला आणि मला म्हणाली, आई, ह्यांना आकडा बरोबर दाखवला की ह्यांना जेवण जातं."

मला ते आठवलं. पुन्हा लाव म्हणालो होतो. पुढ्यात जर्नल होती, लाल पेन हातात होतं. तिसऱ्यांदा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार निघाला तेव्हा मी म्हणालो होतो, बघ, मी सांगत नव्हतो?

"आणि तुम्ही?" मी आईंना विचारलं.

"मी गप्प बसले. माझी लेक होती, तरी गप्प बसले. माझं माझ्यापाशी राहू द्या. तुम्ही तुमचं बघा."

मग त्यांनी माझं ताट उचललं. त्यात भात तसाच होता. तो डब्यात खरवडून टाकतानाचा आवाज अजून कानात आहे.

२ मार्च

सकाळच्या तासानंतर प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. कपाटातून खरं पितळ काढलं. मी स्वतः हा प्रयोग शेवटचा कधी केला ते आठवत नाही. पाणी उकळलं, तुकडा दोऱ्याने वाफेत सोडला, वेळ दिला. उचलून पाण्यात टाकला, ढवळला. ०.०८४ आलं.

हात आपोआप लाल पेनाकडे गेला.

पुन्हा केला. या खेपेला तुकड्याला ओल राहिली असावी, ०.१०१ आलं. तुकडा तोच, पाणी त्याच नळाचं, हात माझे. थोडं इकडे, थोडं तिकडे, ते तसंच येणार. किती मुलांनी इतकी वर्षं मला अचूक ०.०९२ आणून दिलं असेल. मी सगळ्यांखाली सही केली आहे.

तबलजींकडे जाऊन अहवाल परत मागितला. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. म्हटलं, चाचणी पुन्हा घेतो. धातूचं नाव सांगणार नाही. ज्याला जे येईल त्याने ते लिहायचं, गुण प्रयोग करण्याचे. त्यांनी डोळे बारीक केले.

"आणि उत्तर काय यायला हवं?"

"जे येईल ते."

"म्हणजे बरोबर कसं कळणार?"

मी सांगितलं, टेबलाशी उभं राहून बघावं लागेल. ते म्हणाले, हे जरा जास्तच काम होतंय हो तुम्हाला. कागद मीच फाडून टोपलीत टाकला. टोपलीत त्यांच्या दातकोरण्याच्या काड्यांचा थर होता. आज तो बघून घाण वाटली, पण त्यांची नाही वाटली. आता ही घाण कुठे न्यायची ते मला कळत नाही.

६ मार्च

चाचणी झाली. मुलं घाबरलेली होती. नाव नसलेला काळा तुकडा हातात घेऊन आज पहिल्यांदा काहींनी तो वजनाला जोखून बघितला. एकाने विचारलं, सर, निदान पुस्तकात तरी आहे ना हा? मागून कुणीतरी म्हणालं, सरांच्या डोक्यात आहे. हसली सगळी. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

०.०२८, ०.०४, ०.०३३. एकाचा तुकडा हातातून सुटून जमिनीवर पडला, तापमान उतरलं, त्याचं ०.०१९ आलं. पडला हेही त्याने लिहिलं. त्याला बरे गुण दिले.

चष्मेवाली शेवटी आली. जर्नल पुढे धरली आणि थांबली. बरोबर आहे का, एवढंच विचारलं. मी विचारलं, तुला काय आलं? ती म्हणाली, शून्य पूर्णांक शून्य तीन दोन. मग तेच राहू दे, म्हटलं आणि सही केली. आणखी काही बोलायचं होतं. तोवर ती मान हलवून गेलीसुद्धा. मागच्या पानावर माझ्याच हातचं लाल 'पुन्हा करा' होतं. ते मी सहीआधी खोडलं होतं. खोडल्यावर ते जास्तच दिसतं.

८ मार्च

रविवार. पाऊण वाजला आहे. कालपासून अंग मोडून आलंय, डोळे जड आहेत. कुणी भेटायला आलं नाही, बरं झालं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ताप बघा. नॉर्मल आहे, म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यांच्या हातातलं काम थांबल्याचं ऐकू आलं.

डबी आतल्या खोलीत हिच्या उशाच्या फळीवर होती. हिला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून डबीला कुणी हात लावलेला नाही. उघडली. पारा जिथे असायचा तिथेच होता. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. उजेडात धरला तर कडेला तोंडाचा वाळलेला डागही दिसला. एरवी मला याची शिसारी आली असती. मी तो बराच वेळ धरून उभा होतो.

मग झटकला. पहिल्या झटक्याला पारा हलला नाही. हाताला जोर नव्हता. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला उतरला.

आता तो माझ्या जिभेखाली आहे. तोंड बंद ठेवून लिहितोय. चहा घेतलेला नाही, नीट धरलाय.

शंभर पॉइंट आठ.

दाराशी जाऊन आईंना सांगितलं, शंभर पॉइंट आठ. त्यांनी पुन्हा लावा म्हटलं नाही. पेज टाकते, म्हणाल्या, पडून राहा, संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊ. कोणत्या, मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्याच.

खोलीत परत आलो. थर्मामीटर गार पाण्याखाली धरला, पुसला, झटकला. पारा पुरता खाली गेलाय हे खिडकीशी जाऊन बघितलं आणि डबीत ठेवला.